न्यू जर्सीतल्या भाच्यासाठी वकील शोधताना: ‘डॅका’ नाही, मग काय?

नाशिकच्या एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बहीण आणि भाचा न्यू जर्सीत राहतात. भाचा २०१३ मध्ये, आठ वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाला मिळतो तो) गेला. २०१८ मध्ये वडिलांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसाही. २०१९ मध्ये वडील एकटेच भारतात परतले. तेव्हापासून पैसे नाहीत, फोन नाही. आई आणि मुलगा तिथेच राहिले, पेपर्सशिवाय. मुलगा आता कम्युनिटी कॉलेजात शिकतो आणि साधारण पाच महिन्यांनी त्याला २१ पूर्ण होतील. एडिसनमधला एक ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ चार हजार डॉलरमध्ये ‘डॅका करून देतो’ म्हणतो, म्हणजे लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून अभय देणारी योजना मिळवून देतो. पैसे नाशिकहून जायचेत. द्यावेत का? नाहीतर कोणाकडे जावं?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या एका ना-नफा संस्थेत ‘अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणून बरीच वर्षं काम करते, म्हणजे अमेरिकेच्या न्याय विभागाने इमिग्रेशनची प्रकरणं चालवायची परवानगी दिलेली बिगरवकील व्यक्ती. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तुमच्या कामाचा आहे.

पैसे पाठवू नका. मात्र चार हजार वाचले म्हणून निश्चिंतही होऊ नका. तुमच्या प्रश्नात ‘वडील परतले, संपर्क नाही’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्या वाक्याला मुदत आहे: मुलाचा एकविसावा वाढदिवस.

पण आधी डॅका. ही योजना १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने जाहीर केली. लहानपणी आलेल्या आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना, एवढंच तिचं स्वरूप. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्वाची वाट नाही, कायदेशीर स्टेटससुद्धा नाही. अटी ठरलेल्या आहेत: सोळाव्या वाढदिवसाआधी आलेला असावा, १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असावा, १५ जून २०१२ रोजी तिथे हजर असावा आणि त्या दिवशी त्याच्याकडे कायदेशीर स्टेटस नसावं. तुमचा भाचा २०१३ मध्ये आला. पहिल्याच तारखेला विषय संपतो. त्याला डॅका २०१३ मध्ये मिळालं नसतं, आज मिळणार नाही, आणि कुणाच्या ‘ओळखी’नेही मिळणार नाही.

शिवाय २००७ च्या आधी आलेल्या मुलांनाही आज नव्याने डॅका मिळत नाही. टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये नवे अर्ज मंजूर करण्यावर बंदी घातली. २०२२ मध्ये सरकारने योजनेचा रीतसर नियम केला, तोही २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बेकायदा ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने हद्दपारीपासूनचं अभय आणि कामाचा परवाना वेगळे काढले आणि निकालाचा परिणाम टेक्सासपुरता ठेवला. या सगळ्या वर्षांत नूतनीकरणं चालू राहिली, नवे अर्ज मात्र तसेच पडून राहिले.

इथे कन्सल्टंट लोकांची एक युक्ती सांगते. यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज घेणारं खातं, पहिल्या वेळचा डॅका अर्जही घेतं, फी जमा करतं आणि पोचपावती पाठवतं. फक्त निर्णय देत नाही. ती सरकारी शिक्क्याची पावती गिऱ्हाइकाला दाखवायची आणि म्हणायचं, ‘बघा, स्वीकारला की नाही?’ गिऱ्हाईक खूश. पुढे वर्षानुवर्षं काही हलत नाही, आणि तोवर मुलाचा पत्ता, आईची माहिती, सगळं फायलीत जाऊन बसलेलं असतं.

(ज्यांच्याकडे डॅका आधीपासून आहे त्यांच्यासाठी: मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी नूतनीकरण करा. संपून वर्षाहून जास्त झालं तर अर्ज नवा धरतात, आणि नव्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ५५५ आणि कागदावर ६०५ डॉलर आहे, भरण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघा. नूतनीकरणाला चार हजार कोणी मागत असेल तर ते लुटणं आहे.)

आता मुद्द्याकडे. ‘डॅका कोण करतं?’ असं विचारत फिरलात की डॅका विकणाराच भेटतो. अमेरिकेत तरुण मुलांसाठी मोजके कायदेशीर मार्ग आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. कुठला लागू पडतो ते मुलाच्या आयुष्यात काय काय घडलं यावर ठरतं. म्हणून आधी हवा सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेणारा अधिकृत माणूस. आमच्या भाषेत याला स्क्रीनिंग म्हणतात. चांगलं स्क्रीनिंग तासभर तरी चालतं आणि त्यात असे प्रश्न येतात जे तुम्हाला विषयाला सोडून वाटतील: आईला कामावर कोणी मारहाण केली का, मालकाने पासपोर्ट काढून घेतला होता का, मुलावर कधी कुठला गुन्हा घडला का, घरात हिंसा होती का, वडिलांच्या कंपनीने ग्रीन कार्डचा अर्ज केला होता का, कोणी आधीच तुमच्या नावाने एखादा अर्ज भरलाय का.

प्रत्येक प्रश्नामागे एक मार्ग आहे. ठरावीक गंभीर गुन्ह्यांत बळी पडलेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्याला यू व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी पोलीस किंवा सरकारी वकिलाचा दाखला लागतो, आणि वर्षाला १०,००० ची मर्यादा असल्यामुळे रांग बरीच लांब आहे. जबरदस्तीने किंवा धाक घालून राबवून घेतलं असेल तर टी व्हिसा. मोटेल, रेस्टॉरंट आणि घरकामात आपल्या उपखंडातल्या लोकांबाबत हे घडतं, पण ‘मालक आपलाच माणूस होता’ म्हणून कोणी तोंड उघडत नाही. नागरिकाशी खरं लग्न झालं असेल तर व्हिसावर रीतसर येऊन मुदतीनंतर राहिलेल्याला देश न सोडता ग्रीन कार्ड मिळू शकतं. सीमा ओलांडून आलेल्याला सहसा तसं मिळत नाही. तुमचा भाचा विमानतळावर शिक्का मारून आला, हे त्याच्या जमेच्या बाजूला आहे. ती एंट्री दाखवणारा आय-९४ आणि जुना पासपोर्ट जपून ठेवायला सांगा.

पण तुमच्या भाच्यासाठी मला सगळ्यात आधी तपासावासा वाटतो तो मार्ग म्हणजे ‘स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल’. आम्ही त्याला सिज म्हणतो. १९९० पासून हा कायद्यात आहे. आईवडिलांपैकी एकाने जरी मुलाला सोडून दिलं, त्याची आबाळ केली किंवा छळ केला, तरी तो लागू होऊ शकतो. दोघांनीही सोडलेलं असायला हवं असं नाही, आणि मराठी घरांत नेमका हाच गैरसमज असतो: ‘आई आहे ना जवळ, मग हे अनाथांचं आपल्याला कशाला?’ मूल अविवाहित आणि २१ च्या आतलं हवं, एवढी पक्की अट.

यात दोन पायऱ्या आहेत. पहिली इमिग्रेशनची नाहीच. राज्याच्या कौटुंबिक न्यायालयात जायचं असतं. तिथे आई ताबा मागते आणि न्यायाधीशाला तीन गोष्टी नोंदवायला सांगते: मूल न्यायालयाच्या किंवा एका पालकाच्या देखरेखीत आहे, वडिलांनी सोडून दिल्यामुळे त्यांच्याकडे राहणं शक्य नाही, आणि भारतात परत पाठवणं मुलाच्या हिताचं नाही. हा आदेश हातात आला की दुसरी पायरी, यूएससीआयएसकडे आय-३६० हा अर्ज. तो २१ पूर्ण होण्याआधी दाखल व्हावाच लागतो. एक दिवस उशीर झाला तरी संपलं.

अठराच्या पुढच्या मुलाची बाजू ऐकायची की नाही, हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. बऱ्याच राज्यांत दार अठरालाच बंद होतं. न्यू जर्सीत २०१५ च्या अपील न्यायालयाच्या निर्णयामुळे १८ ते २१ मधल्या मुलांच्या बाबतीतही कौटुंबिक न्यायालय या नोंदींवर विचार करू शकतं. म्हणजे तुमच्या भाच्याचं दार अजून उघडं आहे. पण पाच महिन्यांत वकील मिळणं, अर्ज लिहिणं, वडिलांना नोटीस, सुनावणी आणि आदेश, हे सगळं बसवायचंय. म्हणून हे उत्तर वाचून झालं की आजच फोन लावायला सांगा.

सिजमधली एक गोष्ट बहिणीला आधीच सांगायला हवी. या मार्गाने मुलाला पुढे ग्रीन कार्ड आणि नंतर नागरिकत्व मिळालं तरी तो आईसाठी कधीही अर्ज करू शकणार नाही. ज्या आईने एकटीने वाढवलं तिच्यासाठीसुद्धा नाही. कायदा जन्मदात्या दोघांनाही या नात्याचा लाभ नाकारतो, कोण चांगलं वागलं आणि कोण वाईट ते बघत नाही. मला हा नियम क्रूर वाटतो, पण तो आहे. हे ऐकून आया थोडा वेळ गप्प बसतात आणि मग बहुतेक जणी म्हणतात, ‘त्याचं होऊ दे.’ तरी हा निर्णय माहीत असून घेतलेला असावा, नंतर कळलेला नसावा.

दुसरं, अर्ज मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं नाही. त्या वर्गाच्या व्हिसांना वर्षानुवर्षांची रांग आहे. रांगेतल्या मुलांना हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना देणारं धोरण २०२२ मध्ये आलं, जून २०२५ मध्ये सरकारने ते मागे घेतलं, आणि त्यावर न्यायालयात वाद चालू आहे. वकिलाला हा प्रश्न थेट विचारा: मंजुरीनंतरच्या वर्षांत याच्या हातात काय असेल?

आता अधिकृत माणूस म्हणजे कोण. अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला दोघंच देऊ शकतात: कुठल्याही राज्यात सनद असलेला वकील, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत काम करणारा अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह. बाकी सगळे, म्हणजे कन्सल्टंट, टॅक्सवाला, ट्रॅव्हल एजंट, नोटरी, फार तर तुम्ही सांगाल ते फॉर्मवर टाइप करू शकतात. कुठला फॉर्म भरायचा हे सांगण्याचा अधिकारही त्यांना नाही. नोटरीबद्दल आपली हमखास फसगत होते. भारतात नोटरी हा अनुभवी वकील असतो, त्यामुळे पाटी दिसली की आपण विश्वास टाकतो. अमेरिकेतला नोटरी सही समोर झाली एवढंच सांगतो. किराणा दुकानाच्या काउंटरवरचा पोरगाही नोटरी असू शकतो.

आमच्यासारखे रिप्रेझेंटेटिव्ह स्वस्त असतात, बऱ्याचदा फुकट, आणि अनेकदा घाईतल्या खासगी वकिलापेक्षा जास्त वेळ देतात. पण एक मर्यादा तुमच्या प्रकरणात आडवी येते: आम्ही राज्याच्या कौटुंबिक न्यायालयात उभे राहू शकत नाही. आमच्यातले काही जण फक्त यूएससीआयएससमोर काम करतात, काही इमिग्रेशन न्यायालयातही. सिजच्या पहिल्या पायरीसाठी न्यू जर्सीचीच सनद असलेला वकील लागेल. टेक्सासचा वकील आय-३६० भरू शकेल, पण न्यू जर्सीच्या कोर्टात ताबा मागू शकणार नाही. म्हणून ज्या संस्थेत दोन्ही कामं एका छताखाली होतात तिथे आधी जा.

एडिसनमध्येच लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आहे, उत्पन्न कमी असलेल्यांना मोफत कायदेशीर मदत देणारी. पहिला फोन तिथे. नेवार्कमध्ये अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी आणि कॅथलिक चॅरिटीज आहेत. नावात कॅथलिक असलं तरी कोणी धर्म विचारत नाही, आमच्या बहिणाबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र पदराखाली लपवायची गरज नाही. नेवार्कलाच रटगर्स आणि सेटन हॉल या दोन विधी महाविद्यालयांची क्लिनिक्स आहेत. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली प्रकरण चालवतात. प्रकरणं थोडी घेतात, पण घेतलेल्या प्रकरणावर जी मेहनत होते ती पैसे देऊन मिळत नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला विचारलं तर शक्यता जास्त. किंड ही लहान मुलांसाठी काम करणारी संस्था मुख्यतः १८ च्या आतल्या, एकट्या आलेल्या मुलांची प्रकरणं घेते. तुमच्या भाच्याला त्यांनी घेतलं नाही तरी कोणाकडे जावं ते सांगतील. मध्ये घरगुती हिंसा झाली असेल तर दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत मानवी आणि न्यू यॉर्कमध्ये सखी या संस्था आहेत. मानवी १९८५ पासून आहे. तिथे आपल्या भाषा आणि आपली घरं समजणारी माणसं भेटतात, ही लहान गोष्ट नाही.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: ‘इमिग्रेशन लॉ हेल्प’ या संकेतस्थळावर राज्य आणि पिनकोड टाकून मोफत किंवा अल्प फीच्या संस्था शोधता येतात. इमिग्रेशन वकिलांच्या आयला या संघटनेचा वकीलशोधही आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात शिकणाऱ्यांना विद्यापीठाचंच मोफत कायदा केंद्र आहे. इतर कॉलेजांतही विचारून बघा, इंटरनॅशनल ऑफिसमध्ये नव्हे, तर डॉक्युमेंट नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रात.

कोणाचंही नाव कळलं की आधी तपासा. वकील असेल तर राज्याच्या यादीत सनद चालू आहे का. रिप्रेझेंटेटिव्ह असेल तर न्याय विभागाच्या यादीत त्याचं आणि संस्थेचं नाव आहे का. शिस्तभंगाची कारवाई झालेल्यांची वेगळी यादीही तोच विभाग प्रसिद्ध करतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही ते नाशिकमध्ये बसून करू शकता. सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे जी-२८ हा फॉर्म. जो स्वतःचं नाव आणि सही त्यावर घालून तुमच्या वतीने सरकारसमोर उभा राहतो तो प्रतिनिधी. ‘फॉर्मवर माझं नाव नको, तूच भरला असं लिही’ म्हणणाऱ्याकडून तसंच उठून यायचं.

फीबद्दल. स्क्रीनिंगचा सल्ला खासगी वकिलाकडे साधारण शंभर ते तीनशे डॉलरला मिळतो, संस्थांमध्ये बहुधा फुकट. काम सोपवायचं तर लेखी करार हवा: काय काम, किती पैसे, काय धरून आणि काय सोडून. सिजसाठी नुसतं ‘पूर्ण केस’ लिहिलेलं चालणार नाही. कौटुंबिक न्यायालय, आय-३६० आणि नंतरचं ग्रीन कार्ड, या तिन्हींचा उल्लेख वेगवेगळा करून घ्या. प्रत्येक कागदाची प्रत मुलाकडे हवी. पैसे नाशिकहून द्यायचे असतील तर करार मुलाशी असू दे आणि पावती वकिलाच्या कार्यालयाच्या नावे. एक लक्षात ठेवा: पैसे तुम्ही दिले तरी अशील मुलगा आहे. त्याने वकिलाला काय सांगितलं ते तुम्हाला कळणार नाही, कळूही नये. स्वतः प्रश्न विचारून घेण्याच्या आग्रहाने मामा-काका फोनवर येऊन बसतात तेव्हा मुलं नेमक्या महत्त्वाच्या गोष्टी गिळून टाकतात.

फोन लावताना ताकाला जाऊन भांडं लपवू नये. संस्थांचे फोन उचलणारे लोक दिवसभर ‘इमिग्रेशनबद्दल विचारायचं होतं’ हे वाक्य ऐकत असतात आणि अशा माणसाला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळते. भाच्याने पहिल्या वाक्यात सांगावं: ‘मी वीस वर्षांचा आहे, अमुक तारखेला २१ होईन, न्यू जर्सीत आईबरोबर राहतो, वडिलांनी २०१९ मध्ये सोडलं, मला सिजचं स्क्रीनिंग हवंय.’ वाढदिवसाची तारीख ऐकली की समोरचा माणूस सावरून बसतो. एका ठिकाणी नाही म्हणाले तर लगेच दुसरीकडे, आणि प्रत्येक नकार देणाऱ्याला ‘मग कोणाकडे?’ हे विचारायचंच. स्टेटस नाही हे सांगायला घाबरू नका. वकिलाशी झालेलं बोलणं, सल्ल्यासाठी एकदाच भेटलात तरी, गोपनीय असतं.

स्क्रीनिंगला जाताना काय न्यायचं ते ते सांगतीलच. पण तीन गोष्टींवर मला जोर द्यायचाय, कारण त्या प्रकरणं बुडवतात.

एक, आधीचे अर्ज. वडिलांच्या काळात किंवा नंतर कोणी या कुटुंबाच्या नावाने आश्रयाचा, म्हणजे असायलमचा, अर्ज टाकला होता का? कन्सल्टंट लोकांची ही आवडती चाल आहे: असायलम टाकायचा, कामाचा परवाना मिळवून द्यायचा, हात वर करायचे. असायलमला येऊन एका वर्षाच्या आत अर्ज करण्याची अट आहे, आणि भारतात छळाची खरी भीती नसताना खोटी कहाणी लिहिली तर आयुष्यभरासाठी सगळ्या सवलती बंद होऊ शकतात. आई-वडिलांच्या जुन्या अर्जात मुलाचं नाव असतं, तारखेला कोणी जात नाही, गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश होतो आणि मुलाला पत्ताच नसतो, असंही होतं. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक, असेल तर इमिग्रेशन न्यायालयाच्या ऑनलाइन यंत्रणेत तो टाकून बघता येतं. फाइल मागवण्यासाठी माहिती अधिकारासारखा फोया अर्ज करता येतो, पण तुमच्या मुदतीत त्याची वाट बघत बसू नका. न्यायालयाचं काम सुरू करून फोया बाजूने चालू ठेवायचा.

दोन, ‘सिटिझन’ची चौकट. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर किंवा लायसन्स काढताना मतदार नोंदणीत मुलाने कधी ‘मी अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण केली असेल, तर ग्रीन कार्डच्या बहुतेक वाटांत ते भल्याभल्या गुन्ह्यांपेक्षा मोठा अडथळा ठरतं. मुलं ते कसलाही विचार न करता करतात. वकिलाला आधी सांगितलं तर काहीतरी विचार करता येतो, मुलाखतीत बाहेर आलं तर नाही. तसंच गांजा. न्यू जर्सीत दुकानात मिळतो, पण संघीय कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि इमिग्रेशन संघीय कायद्यावर चालतं.

तीन, देश सोडणं. घरात कोणी आजारी पडलं की पहिला विचार तोच येतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. अठरापर्यंतचे बेकायदा राहण्याचे दिवस या हिशेबात मोजत नाहीत. पण तुमच्या भाच्याला अठरा पूर्ण होऊन वर्षापेक्षा जास्त झालंय. आता तो बाहेर पडला तर दहा वर्षं परत यायला बंदी लागू शकते. कायमचं भारतात येऊन पुण्यात-नाशकात शिकायचं त्याने स्वतः ठरवलं तर तोही एक मार्ग आहे. मी त्याला हरणं म्हणणार नाही. फक्त ‘आत्ता ये, मग इथून व्हिसा काढू’ असं कोणी सुचवू नका.

(डॅका असलेल्यांचं वेगळं आहे. त्यांना शिक्षण, काम किंवा घरातल्या आजारपणासाठी ‘अ‍ॅडव्हान्स परोल’, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, मागता येतो. परोल घेऊन गेल्यास दहा वर्षांची बंदी लागत नाही, हा २०१२ चा महत्त्वाचा निर्णय अरबल्ली आणि येराबेली या भारतीय दांपत्याच्या प्रकरणात झाला. तरी सध्याच्या वातावरणात वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नये.)

चुकीचा अर्ज टाकून ‘बघू काय होतं’ हे पूर्वी थोडंफार खपायचं. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानंतर, अर्ज नामंजूर झाला आणि माणसाकडे स्टेटस नसेल, तर सहसा थेट इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस येते. तिथे सरकार फुकट वकील देत नाही, मुलांनाही नाही. कन्सल्टंटचा अर्ज म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘आपल्या लोकांना कोण पकडतंय’ हा दिलासाही सोडा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानातून परत पाठवलेले १०४ भारतीय अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातले ३ जण होते.

एच-१बीवर व्यवस्थित असलेले बरेच मराठी पालकही हा प्रश्न वाचत असतील. तुमच्या एच-४ मुलांना डॅका नव्हतंच, कारण १५ जून २०१२ रोजी त्यांच्याकडे स्टेटस होतं. विचित्र आहे खरं: नियम पाळले म्हणून वगळले गेले. ग्रीन कार्डच्या रांगेत ते २१ चे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ चा सीएसपीए, म्हणजे रांगेतल्या मुलांचं वय कसं धरायचं ते ठरवणारा कायदा, काहींना वाचवतो, पण त्यात वय व्हिसाच्या तारखांच्या कुठल्या सरकारी तक्त्यावरून मोजायचं हे २०२३ मध्ये बदललं आणि ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा उलटं झालं. मूल एकोणीसचं झालं की कंपनीच्या वकिलावर विसंबून न राहता स्वतःचा वकील गाठा. कंपनीचा वकील कंपनीचं बघतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं तर तेही वेळेत. स्टेटस एकदा तुटलं की वर लिहिलेले थोडेच मार्ग उरतात.

आता मामा, नाशिकहून तुम्ही काय करायचं. मुलाचा जन्मदाखला महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून ताजा काढा. दाखल्यावर, पासपोर्टवर आणि शाळेच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच वकिलाला कळवा. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा येणारा कोणीही करू शकतो, खाली ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे’ असं लिहून नाव, पत्ता, तारीख आणि सही. नोटरी लागत नाही, पानाला पन्नास डॉलर देऊ नका. भाषांतर तुम्ही स्वतः करू नका, नातेवाइकाचं असलं की उगाच प्रश्न निघतात.

वडिलांचा सध्याचा पत्ता शोधा, आणि तुमचं खरं काम हेच आहे. न्यू जर्सीचं न्यायालय त्यांना नोटीस दिल्याशिवाय ताब्याचा आदेश देणार नाही, आणि भारतात नोटीस बजावण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. ते सही करून ‘हरकत नाही’ म्हणायला तयार असतील तर महिने वाचतात. मात्र तुम्ही स्वतः जाऊन भांडू नका, धमकावू नका, पैसे देऊ करू नका. पत्ता वकिलाला द्या, पुढचं ते पाहतील. आणि वडील गुपचूप मुलाला फोन करत असतील किंवा अधूनमधून पैसे पाठवत असतील, तर तेही वकिलाला सांगायचं. सोडून दिलं हे खरंच घडलेलं असलं तरच हा मार्ग आहे.

न्यायाधीश असंही विचारू शकतात की भारतात याला सांभाळणारं कोण आहे. तुमचं नाव पुढे येईल. वकील तुमच्याकडे लेखी निवेदन मागतील, त्यात जे आहे तेच लिहा: तुमचं घर केवढं, उत्पन्न किती, हा मुलगा शेवटचा नाशिकला कधी आला होता, मराठी वाचता येतं का त्याला, आई तिकडे आणि तो इकडे झाला तर काय होईल. जास्त करुण करू नका आणि ‘आम्ही समर्थ आहोत’ असा मोठेपणाही त्यात नको.

नाशिकमध्ये रात्रीचे साडेसात-आठ झाले की तिकडे सकाळी कार्यालयं उघडतात. आज बहिणीला एवढंच सांगा: एडिसनच्या लीगल सर्व्हिसेसला फोन, पहिल्या वाक्यात वाढदिवसाची तारीख. कन्सल्टंटकडे पासपोर्ट किंवा आय-९४ दिला असेल तर तो परत आणायचा. त्याने ‘फाइल उघडण्याचे’ काही पैसे आधीच घेतले असतील तर पावती आणि मेसेजेस पुसू नयेत, वकिलाला दाखवावेत.